कोणत्या पाण्यात उतरला होतात?

गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं एक गाव आहे. परजीवी जंतांवरच्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं. विद्यार्थी ते परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात. लघवीतून रक्त जाण्याचा, एरवी आफ्रिकेत आणि अरबस्तानात आढळणारा एक आजार इथल्या लोकांना इथल्याच पाण्यातून झाला आहे, अशी नोंद गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी १९५२ साली केली. आजाराचं नाव शिस्टोसोमियासिस. जुनं आणि जिभेला सोपं नाव बिल्हार्झिया. गिमवीच्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगाईवर संशयाचं बोट ठेवलं गेलं. पण पुढे हा आजार देशात फोफावला नाही, आणि आज महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईने नदीवर कपडे धुताना त्याची धास्ती घ्यावी असं काही कारण नाही.

हा लेख आहे तो घराबाहेर पडलेल्यांसाठी. नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला, लुसाका इथे नोकरी-धंद्यानिमित्त वर्षानुवर्षं राहिलेली मराठी कुटुंबं आहेत. लष्करातून, पोलिस दलातून शांतिसेनेत जाणारे आहेत; २००७ ते २०१६ या काळात लायबेरियात केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या महिलांची तुकडीच तैनात होती. सफारीला जाऊन मलावी सरोवरात डुंबून येणारे पर्यटक आहेत. आणि उलट दिशेने सुदान, येमेन, टांझानिया, नायजेरिया या देशांतून पुण्यात शिकायला आलेल्या मुली आहेत. यांपैकी कुणाच्या अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त येतं, दिवस राहत नाहीत, तेव्हा ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. तिथे तिला पाळीच्या तारखा विचारतात, लग्नाला किती वर्षं झाली विचारतात. पाण्याबद्दल कुणी विचारत नाही.

या आजाराचं लघवीच्या मार्गाचं रूप सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचंच बायकांच्या जननेंद्रियांतलं रूप मात्र शंभराहून अधिक वर्षं माहीत असूनही दुर्लक्षित राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ५ कोटी ६० लाख स्त्रिया आणि मुली त्याने बाधित आहेत, त्यातल्या बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. एवढ्या बायकांना असलेला आजार त्यांच्यावर उपचार करणाऱ्या कित्येक डॉक्टरांनी कधी पाहिलेलाच नसतो, किंवा पाहूनही ओळखलेला नसतो.

पाण्यातून गर्भाशयापर्यंत

जंताचा प्रवास समजून घेतला तर पुढची प्रत्येक सूचना आपोआप पटेल, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

बाधित माणसाच्या लघवीतून जंताची अंडी बाहेर पडतात. ती गोड्या पाण्यात पोचली की फुटतात आणि आतला सूक्ष्म जीव एका विशिष्ट जातीची गोगलगाय शोधून तिच्यात शिरतो. काही आठवड्यांनी त्याच गोगलगाईतून शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडू लागतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या लहान. पाण्यात त्या एक-दोन दिवसच जगतात; तेवढ्यात माणसाची कातडी मिळाली तर काही मिनिटांत ती भेदून आत जातात. जखम लागत नाही, पाणी प्यावं लागत नाही. घोटाभर पाण्यात उभं राहून कपडे खळबळले तरी पुरतं. ऊन चढलं की गोगलगाईतून अळ्या जास्त सुटतात, म्हणजे नेमक्या त्या वेळी, जेव्हा मुलं पोहायला आणि बाया धुण्याला पाण्यात असतात.

रक्तातून फुप्फुस, मग यकृत असा फेरा करत हे जंत मोठे होतात. लांबी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर. नराच्या अंगाला लांबट पन्हळीसारखी घडी असते, तिच्यात मादी वस्तीला असते आणि ही जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये ठाण मांडते. सरासरी तीन ते दहा वर्षं, क्वचित त्याहून कितीतरी जास्त. जंत शिरेत बसून राहतो तेव्हा फारसा त्रास देत नाही. त्रास देतात ती त्याची अंडी. एका टोकाला काटा असलेली ही अंडी रोज घातली जातात आणि त्यांतली बरीचशी लघवीपर्यंत पोचतच नाहीत, वाटेतल्या मांसात अडकून बसतात. स्त्रीच्या शरीरात मूत्राशयाच्या शिरा आणि गर्भाशय, योनी यांच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्यामुळे अंडी गर्भाशयाच्या तोंडात, योनीच्या अस्तरात, कधी गर्भनलिकेत आणि बीजकोशात जाऊन रुततात. शरीर त्यांच्याभोवती गाठ बांधतं. अंडं मरतं, त्यावर चुना साचतो, तरी ते तिथेच राहतं. तपासताना दिसतं ते गर्भाशयाच्या तोंडावर वाळूचे कण पेरल्यासारखं. डॉक्टरांच्या भाषेतही त्याला वाळूचे चट्टेच म्हणतात. आजूबाजूला वेड्यावाकड्या नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात आणि नुसत्या स्पर्शाने त्यांतून रक्त येतं.

थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरने हा जंत कैरोच्या रुग्णालयात शवविच्छेदन करताना १८५१ साली शोधला. त्याच इजिप्तमध्ये १८९९ साली मॅडन या डॉक्टरने एका तरुणीच्या योनीत या आजाराच्या गाठी असल्याचं लिहून ठेवलं. प्राचीन ममींच्या मूत्रपिंडांतसुद्धा ही अंडी १९१० मध्ये सापडली. म्हणजे रोग काही नवा नाही. तो बायकांच्या शरीरात बघायची सवय नवी आहे: जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टरांसाठी या चट्ट्यांच्या रंगीत छायाचित्रांची खिशात मावेल अशी पुस्तिका काढली, ती २०१५ मध्ये. १८९९ ते २०१५ हे अंतर मोजलं की मला राग येतो.

काय जाणवतं, आणि ते काय समजलं जातं

लक्षणांची अडचण अशी की त्यांतलं एकही फक्त या आजाराचं नाही. खाज, आग, पांढरं किंवा लालसर जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी वेदना, नंतर रक्ताचे डाग, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसणं, लघवीला जळजळ, कधी लघवीच्या शेवटी रक्ताचे थेंब. बाहेरच्या भागावर चामखिळीसारख्या गाठीही येऊ शकतात. काही जणींना काहीच होत नाही, आणि मूल का होत नाही याची तपासणी करताना प्रथमच पत्ता लागतो.

मग निदान चुकतं. लैंगिक संसर्ग समजून अँटिबायोटिकांचे कोर्स दिले जातात, एकामागून एक. युरिन इन्फेक्शन म्हणून तेच. गर्भाशयाच्या तोंडावरचे चट्टे आणि रक्तस्राव पाहून कर्करोगाची शंका येते. आपल्याकडे मूल न होण्यामागे गर्भनलिकांचा क्षयरोग हे मोठं कारण आहे, त्यामुळे संशयाची सुई तिकडे जाणंही स्वाभाविक आहे. आणि चाळिशीपुढच्या बाईला रक्तस्राव थांबत नसला तर पिशवी काढून टाका, असा सल्ला आपल्याकडे किती सहज मिळतो हे मी सांगायला नको. आफ्रिकेत काही वर्षं काढून आलेल्या बाईने अशा ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी ‘हा बिल्हार्झिया तर नाही ना?’ हा एक प्रश्न विचारून घ्यावा.

चुकीच्या निदानापेक्षा चुकीचा आरोप जास्त जिव्हारी लागतो. हा आजार शरीरसंबंधातून होत नाही. नवऱ्याकडून बायकोला नाही, बायकोकडून नवऱ्याला नाही. तरीही आफ्रिकेतल्या खेड्यांत लहान मुलीच्या अंगावर रक्त दिसलं की पाळी लवकर आली म्हणतात, किंवा तिच्या वागण्यावर बोट ठेवतात. तिचा दोष एवढाच की घरचं पाणी तिने आणलं. पाणवठा बाईच्या वाट्याला येणं म्हणजे काय, हे हंडे वाहिलेल्या महाराष्ट्राला समजावून सांगावं लागू नये.

दिवस राहण्यावर आणि राहिल्यानंतर

या भागात मी जपून लिहिणार आहे, कारण इथेच घाबरवणारे लेख फार झाले आहेत.

गर्भनलिकेत अंडी रुतून व्रण धरला तर नलिका अरुंद होते किंवा बंद होते. बंद झाली तर गर्भ राहत नाही. अर्धवट अरुंद झाली तर गर्भ नलिकेतच अडकून वाढू लागतो. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून या देशांत राहून आलेल्या बाईची पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला कळ येऊ लागली, चक्कर आली, तर सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी, उद्यावर टाकू नये. गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांच्याशीही या आजाराचा संबंध जोडला जातो. शिवाय लघवीवाटे सतत रक्त जात राहिलं तर गरोदरपणात आधीच उतरलेलं हिमोग्लोबिन आणखी उतरतं.

पण एवढ्यावरून बिल्हार्झिया झाला म्हणजे मूल होणारच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. आफ्रिकेत हा आजार असलेल्या असंख्य बायका आई होतात. नुकसान किती झालं हे अंडी कुठे आणि किती वर्षं साचली यावर ठरतं.

एचआयव्हीचा मुद्दाही इथेच सांगून टाकते. झिंबाब्वेच्या ग्रामीण भागातल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जननेंद्रियांवर हे चट्टे असलेल्या बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट दिसलं. जखमी, रक्ताळलेल्या अस्तरातून विषाणूला वाट सोपी होते, हे कारण पटण्यासारखं आहे. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत मात्र एवढा ठळक संबंध दिसला नाही.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची नेहमीची तपासणी या आजाराच्या निमित्ताने टाळू नका. चट्टे वाळूचे आहेत की आणखी कशाचे, हे एकाच वेळी बघून होतं. मूत्राशयाच्या कर्करोगाशी मात्र या जंताचं नातं पक्कं सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे लघवीतून रक्त येणं अंगावर काढायची गोष्ट नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं

आता मुख्य काम. तुम्ही जे सांगाल त्यावर सगळं अवलंबून आहे, कारण पुण्या-मुंबईतल्या चांगल्या डॉक्टरच्याही डोक्यात हा आजार पहिल्या दहा शक्यतांत नसतो. त्यात त्यांचा दोष नाही.

‘मी आफ्रिकेत होते’ एवढं पुरेसं नाही. आफ्रिका हा एक देश नाही आणि तिथलं सगळं पाणी सारखं नाही. कोणता देश, कोणतं गाव किंवा सरोवर, कोणत्या साली आणि शेवटचा संपर्क कधी, हे सांगा. पोहलात का, होडीतून उतरताना पाय भिजले का, घरात नळाचं पाणी थेट तळ्यातून येत होतं का, लहानपणी ओढ्यात खेळलात का. मलावी सरोवर यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांची रक्ततपासणी केली तेव्हा तिघांतल्या एकाच्या रक्तात या संसर्गाच्या खुणा सापडल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकांना काही त्रास जाणवत नव्हता. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मुख्यतः या जंताचा आतड्यांवर जाणारा भाऊबंद आढळतो. झांझिबारमध्ये लघवीचा प्रकार आहे आणि तिथल्या स्वाहिली भाषेत त्याला ‘किचोचो’ म्हणतात. तिथे वाढलेल्या मुलीला बिल्हार्झिया म्हणून समजणार नाही, किचोचो म्हटलं की लगेच समजेल. पुण्यातल्या डॉक्टरांनी हा शब्द लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणखी एक आठवण ताजी करा. पाण्यातून बाहेर आल्यावर काही तासांत अंगावर खाज किंवा पुरळ उठलं होतं का? तीन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगावर गांधी, कोरडा खोकला असं काही येऊन गेलं का? त्या वेळच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या असतील तर तो जुना कागद सोन्यासारखा आहे, घेऊन जा. तिथेच राहून मोठ्या झालेल्यांना हा तापाचा टप्पा सहसा आठवत नाही.

लघवीची तपासणी सांगितली तर वेळेचं भान ठेवा. आपल्या लॅबमध्ये सवयीने सकाळची पहिली लघवी मागतात. या जंताची अंडी लघवीत सर्वांत जास्त येतात ती सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान. त्या वेळेतली, आणि शक्यतो शेवटच्या धारेची लघवी द्या. नमुना गाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, त्यामुळे काय शोधायचं आहे हे चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर रिपोर्टवर नुसते पस सेल आणि रेड सेल मोजून येतील.

लघवीत अंडी मिळाली नाहीत म्हणून सुटलो, असंही नाही. जननेंद्रियांत अंडी रुतलेली असताना लघवी पूर्ण स्वच्छ असू शकते. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पर्यटकांच्या बाबतीत उपयोगी पडते, पण शेवटच्या संपर्काला साधारण तीन महिने उलटल्यावर केली तर. आधी केली तर खोटा दिलासा मिळतो. जी बाई बालपणापासून तिथे राहिली तिच्या रक्तात खुणा जुन्याच असू शकतात, म्हणून त्यावरून आजचा संसर्ग ठरवता येत नाही. मग उरते ती प्रत्यक्ष तपासणी. गर्भाशयाचं तोंड आणि योनीच्या भिंती नीट उजेडात, कोल्पोस्कोपने बघणं. पॅप चाचणीच्या काचेवर कधी अंडी दिसतात, कधी तुकडा काढून तपासल्यावर. अविवाहित मुलीची अशी तपासणी आपल्याकडे अवघड जाते, हे मान्य. झांबियात बायकांनी घरीच स्वतः घेतलेल्या बोळ्याच्या नमुन्यावर जंताच्या डीएनएची चाचणी करून बघितली गेली आहे आणि ती बायकांना मानवलीही. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, तोवर लक्षणं आणि पाण्याचा इतिहास जुळत असेल तर औषध देऊन मोकळं व्हावं, असं कुणी डॉक्टर म्हणाला, तर त्याला विरोध करू नका. औषध बहुतेकांना सुरक्षित आहे.

औषध: सोपं, पण त्याच्या अटी आहेत

औषध एकच, प्राझिक्वांटेल. आपल्याकडे ते फितीसारख्या जंतांसाठी वापरलं जातं, त्यामुळे डॉक्टरांना नाव परिचित असतं, मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये लगेच मिळेल असं धरून चालू नका. शाळांत दर वर्षी मुलांना चघळायला देतात ती जंताची गोळी वेगळी. ती अल्बेंडाझोल. पोटातल्या जंतांवर ती चालते, या जंताला तिचं काही वाटत नाही. ‘आम्ही सगळ्यांनी जंताचं औषध घेतलंय’ या भरवशावर राहिलेली घरं मला ठाऊक आहेत.

मात्रा वजनावर ठरते. दर किलोमागे ४० मिलिग्रॅम, एकाच दिवसात. ६० किलोच्या बाईला ६०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. कडूजहर असतात, चावू नका, जेवणाबरोबर भरपूर पाण्याने गिळा. त्या दिवशी पोटात कळ, मळमळ, डोकं जड, गुंगी असं होऊ शकतं, म्हणून गाडी चालवू नका आणि शक्य असेल तर सुट्टीच्या दिवशी घ्या.

आता अटी. हे औषध मोठ्या झालेल्या जंताला मारतं, नुकत्या शिरलेल्या पिल्लांना नाही. म्हणून सफारीहून परतल्या परतल्या खबरदारी म्हणून घेतलेली गोळी वाया जाते. शेवटच्या संपर्कानंतर किमान सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं, आणि लक्षणं किंवा अंडी उरली तर पुन्हा द्यावी लागते. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर ते सांगायलाच हवं, कारण त्या उपचारांतल्या रिफाम्पिसिनमुळे प्राझिक्वांटेल रक्तात टिकत नाही आणि औषध घेऊनही न घेतल्यासारखं होतं. ज्यांना पूर्वी फिट आल्या आहेत, किंवा ज्यांच्या मेंदूत, डोळ्यांत जंताची गाठ असल्याचं निदान झालं आहे, त्यांनी तर ते आपल्या मनाने कधीच घेऊ नये. त्या गाठीभोवती सूज येऊन झटका येऊ शकतो. आपल्या देशात अशा गाठी काही दुर्मीळ नाहीत, त्यामुळे ही सूचना परदेशी माहितीपत्रकातली म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांबद्दल जुने समज अजून फिरतात. पूर्वी त्यांना हे औषध देत नसत. धोका सिद्ध झाला होता म्हणून नव्हे, कुणी तपासलं नव्हतं म्हणून. ज्या समाजात बाई विशीपासून चाळिशीपर्यंत एकतर गरोदर असते नाहीतर पाजत असते, तिथे या नियमाचा अर्थ तिला औषध कधीच मिळणार नाही असा होत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये भूमिका बदलली, आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिले तीन महिने उलटलेल्या गरोदर बायका आणि पाजणाऱ्या आया यांना औषध द्यावं असं स्पष्ट म्हटलं. तेव्हा बाळंतपण उरकू दे, मग बघू, असं कुणी सांगितलं तर नम्रपणे दुसरं मत घ्या.

आणि कटू भाग. औषधाने जंत मरतात, नवी अंडी थांबतात, लघवीतलं रक्त थांबतं. पण मांसात रुतलेली जुनी अंडी आणि धरलेले व्रण विरघळतीलच असं नाही. मोठेपणी उपचार घेतलेल्या कित्येक बायकांचे वाळूचे चट्टे तसेच राहतात. बंद झालेली गर्भनलिका गोळीने उघडत नाही. तिथे पुढचा रस्ता टेस्ट ट्यूब बेबीच्या डॉक्टरांकडे जातो, आणि तिथे जाण्याआधी जंत मारलेले असावेत. उलट ज्यांना लहानपणीच, वयाच्या विशीआधी औषध मिळालं त्यांच्यात असे चट्टे कमी आढळले आहेत.

म्हणून तुमचं कुटुंब त्या भागात राहत असेल किंवा राहून आलं असेल, तर सगळ्यात आधी मुलीकडे बघा. पाच-सात वर्षांची, सोसायटीच्या मुलांबरोबर तळ्यात खेळून आलेली, तक्रार काहीच नसलेली मुलगी. वर्षाकाठी एकदा तिची दुपारची लघवी तपासा, आणि संसर्ग दिसला तर औषध लगेच. तिथल्या सरकारी शाळांत हे औषध मोफत वाटतात; मर्क ही कंपनी त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेला गोळ्या दान देते. आपली मुलं बहुधा खाजगी शाळांत असतात आणि ती वाटपात सापडत नाहीत. घरात कामाला येणारी बाई आणि तिच्या मुलीही शाळेबाहेर असतील तर सुटतात. त्यांनाही विचारा. नवरा, मुलगे यांनाही सोबतच तपासून घ्या. पुरुषांच्या वीर्यात रक्त येणं हे याच जंताचं काम असू शकतं.

पाण्यापासून जपायचं म्हणजे किती

समुद्र सुरक्षित आहे, क्लोरिन घातलेला पोहण्याचा तलाव सुरक्षित आहे. तळं, सरोवर, संथ नदी, कालवा, भातशेतीचं पाणी यांत त्या देशांत उतरू नये. ‘आमच्या किनाऱ्याला बिल्हार्झिया नाही’ अशी हॉटेलवाल्यांची खात्री ऐकून विश्वास ठेवू नका. वाहत्या पाण्यात धोका कमी असतो पण राफ्टिंगची होडी लागते ती संथ काठालाच. चुकून भिजलात तर लगेच टॉवेलने खसाखसा अंग पुसा. त्याने थोडाफार फरक पडत असेल, हमी नाही. आंघोळीचं पाणी तळ्यातून येत असेल तर उकळून गार करा, किंवा गोगलगाई नसलेल्या झाकलेल्या टाकीत दोन दिवस साठवा. अळ्या तेवढ्यात मरतात.

युरोपात गेलात म्हणून निश्चिंत, असंही आता म्हणता येत नाही. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या काव्हू नदीत डुंबलेल्या पर्यटकांना २०१३ साली हा संसर्ग झाला. तिथे गोगलगाय आधीपासून होती, जंत बाहेरून आला. धरणंही हा आजार पसरवतात. घानात १९६५ मध्ये आकोसोंबो धरण झालं, व्होल्टा जलाशय पसरला, आणि संथ पाण्यात गोगलगाई वाढून काही वर्षांतच काठच्या वस्त्यांतल्या बहुतेक मुलांच्या लघवीत रक्त दिसू लागलं.

कोकणातल्या वाचकांसाठी एक खुलासा. भाताच्या खाचरात उभं राहिल्यावर पोटऱ्यांना सुटणारी खाज कधी कधी अशाच अळ्यांची असते, पण त्या गुराढोरांच्या जंताच्या. माणसाच्या कातडीतच त्या मरतात. गर्भाशयापर्यंत त्यांची मजल जात नाही.

तुमच्यापैकी कुणाची नणंद, बहीण, मैत्रीण त्या देशांत असेल तर तिला आज फोन करा. इकडे सुट्टीत आली की तपासणी करून घेऊ, असं ती म्हणेल. तिला सांगा, हा आजार तिथल्या साध्या दवाखान्यातल्या नर्सला कदाचित इथल्या तज्ज्ञापेक्षा लवकर सुचेल आणि गोळीही तिथे मिळण्याची शक्यता जास्त. आणि तुम्ही स्वतः परत आलेल्या असाल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसताना देश, पाणी आणि साल या तीन गोष्टी एका कागदावर लिहून फाईलच्या सगळ्यात वर लावा. कुणी विचारण्याची वाट पाहू नका.